पिकअपचा क्लच: मास्टर नवा, ऑइल नवं, तरी रिव्हर्सला खर्रर्र

ओतूरचा टोमॅटो

रामराम मंडळी. गाडी जुनी डिझेल पिकअप, २००८ चं मॉडेल, हायड्रॉलिक क्लच. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर चार प्रतिसादांत धागा ‘कुठली गाडी भारी’ वर जाईल आणि माझा क्लच तसाच राहील.

सीझनला नारायणगाव मार्केट, नाहीतर माळशेज उतरून मुरबाडवरून कल्याण, हे गाडीचं काम. सकाळी गिअर अलगद पडतात. घाटात ट्रॅफिक तुंबलं की त्रास सुरू. पहिला टाकून क्लच दाबून उभा राहिलो की थोड्या वेळात गाडी आपली आपण पुढे सरकायला लागते, पाय पार खाली असताना! न्यूट्रल करून परत पहिला टाकायला जावं तर अडतो. पेडल दोन-तीनदा पंप केलं की पडतो. आणि रिव्हर्स टाकताना असा आवाज करते की मार्केटातले हमाल वळून बघतात.

बाहेर कुठे गळती दिसत नाही. क्लचच्या डब्यातलं ऑइल काळं आहे, पातळी ठीक. गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स उतरवू, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, अख्खा सेट टाकू. पण प्लेट टाकून फार झालेलं नाही, आणि भरल्या गाडीला चढावर स्लिप अजिबात होत नाही. काय करू?

दहाचा पाना

गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका. प्लेट संपली की क्लच स्लिप होतो: इंजिन ओरडतं, गाडी ओढत नाही. तुमचं नेमकं उलटं आहे, क्लच सुटतच नाहीये. प्लेट झिजून क्लच सुटायचा थांबत नाही, तेव्हा सेट टाकलात तरी खर्रर्र तिथंच राहणार.

एक सोपी खात्री आधी करा. इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात ना? पडत असतील तर गिअरची लिंकेज बरी आहे. मग इंजिन चालू, न्यूट्रल, क्लच दाबून पाच-सात सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही खर्रर्र झालं तर प्लेट अजून फिरतेय, म्हणजे क्लच पूर्ण सुटलेला नाही.

ओतूरचा टोमॅटो

केलं. इंजिन बंद असताना सगळे पडतात. चालू असताना थांबूनही खर्रर्र.

आयटीआय मास्तर

दहाचा पाना बरोबर सांगतायत. आता शोध कुठल्या टोकापासून घ्यायचा ते सांगतो, कारण इथेच लोक नुसते पार्ट बदलत सुटतात.

पेडल दाबलं की रॉड मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला ढकलतो. तिथलं ऑइल पाइपातून आणि रबरी होजमधून खाली स्लेव्हला, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला लोअर म्हणतात त्याला जातं. स्लेव्हचा रॉड फोर्क ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंग ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पात्या दाबतं. या सगळ्यात बाहेरून दिसणारी आणि मोजता येणारी जागा एकच: स्लेव्हचा रॉड. तो पुरेसा पुढे येत असेल आणि तरी क्लच सुटत नसेल, तर दुखणं गिअरबॉक्सच्या आत. पुरेसा येत नसेल, तर दुखणं रॉडच्या वर, आणि वरचं सगळं काम गिअरबॉक्स न उतरवता होतं.

तर असं करा. चाकांना ओट लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद. गाडी उचलायची असेल तर घोडीवर टेकवा, नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली जायचं नाही. एकाला पेडल पार खाली दाबून धरायला सांगा आणि तुम्ही स्लेव्हचा रॉड बघा. रॉड पुढे आला आणि पेडल दाबलेलं असतानाच हळूहळू मागे जाऊ लागला, तर कुठूनतरी प्रेशर निसटतंय. बाहेर गळती नसेल तर ते मास्टरच्या आतच, पिस्टनवरच्या पुढच्या वायसरवरून, म्हणजे रबरी सीलवरून, मागे जातंय. तुमच्या घाटातल्या लक्षणांवरून मला तोच संशय आहे.

स्लेव्हचं रबरी बूट मागे सारून आत ओलं आहे का तेही बघा. आणि केबिनमध्ये पेडलवर, पेडलचा रॉड जिथे केबिन आणि इंजिनच्या मधल्या पत्र्यातून जातो तिथे बोट फिरवा. तिथे ओल असेल तर मास्टरचा मागचा वायसर गेला.

ओतूरचा टोमॅटो

मास्तर, तंतोतंत. पोरगा पेडलवर, मी खाली. रॉड आला आणि पाय तसाच असताना माझ्या डोळ्यांदेखत मागे सरकला. स्लेव्हचं बूट आतून कोरडं, केबिनमध्येही ओल नाही. मग मास्टरला किट टाकू की अख्खा मास्टर?

कोकणी ड्रायव्हर

किट टाका हो. दोन वायसर आणि एक स्प्रिंग, किंमत म्हणजे चिल्लर. आम्ही वर्षानुवर्षं तेच करतो.

आयटीआय मास्तर

किट टाकायला हरकत नाही, पण आधी पिस्टन काढून सिलिंडर आतून स्वच्छ पुसा आणि टॉर्च मारून बघा. जिथे वायसर सरकतो तिथे नखाला खड्डा लागला तर किट पैसे वाया. क्लचच्या डब्यातही ब्रेक ऑइलच असतं. ते हवेतलं पाणी शोषतं, त्या पाण्याने आत गंज धरतो, आणि गंजाच्या खड्ड्यावर नवा वायसर फार तग धरत नाही. कोकणातल्या गाड्यांत तर हे हमखास. बिडाचा सिलिंडर असेल आणि नुसता डाग असेल तर बारीक पॉलिश पेपर गोल फिरवून चालतं. अॅल्युमिनियमचा झिजलेला असेल तर नवाच घ्या.

नवा घेताना मापावर लक्ष ठेवा. बॉडीवर बहुतेक कोरलेलं असतं. पाच सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) असेल तर पाच सुताचाच आणा. दुकानदार ‘सगळं सारखंच’ म्हणून बारीक बोअरचा गळ्यात मारतात. बसतो व्यवस्थित, पण ऑइल कमी ढकलतो आणि क्लच परत अर्धवट सुटतो.

जुगाड जिंदाबाद

एवढं कशाला? डब्यात ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल टाका. जाड असतं, वायसरमधून निसटणार नाही. आमच्याकडे चालतं.

दहाचा पाना

जुगाडराव, हे कृपा करून कोणी करू नका. या वायसरचं रबर ब्रेक ऑइलसाठी बनवलेलं असतं. खनिज तेल लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. मग मास्टर, स्लेव्ह, होज, सगळं एकदम बदलायचं. काही गाड्यांत क्लच आणि ब्रेकचा डबा एकच असतो, तिथे हा प्रयोग केलात तर माळशेजच्या उतारावर ब्रेकचे वायसरही त्याच रांगेत.

झाकणावर लिहिलेलंच टाकायचं, डॉट ३ किंवा डॉट ४. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०. पाणी शोषल्यावर तेच १४० आणि १५५ वर येतात. म्हणून काळं पडलेलं ऑइल फेकायचं आणि उघडी ठेवलेली अर्धी बाटली वापरायची नाही. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. आणि रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर बॉनेटचा रंग सोलून येईल.

ओतूरचा टोमॅटो

अपडेट. सिलिंडरमध्ये खड्डे होते, नखाला सरळ लागत होते. पाच सुताचा नवा मास्टर टाकला, पाइपाचं कनेक्शन नीट आवळलं, ऑइल नवं, पाइपातली एअर (हवा) काढली. आता पेडल धरून ठेवलं तरी रॉड मागे येत नाही, घाटात गाडी सरकायची थांबली. पण रिव्हर्सला अजून खर्रर्र आहेच, थोडं कमी. पेडल सुरुवातीला पोकळ लागतं. परत परत एअर काढली, आता बुडबुडे येत नाहीत. गॅरेजवाला हसतोय आणि परत गिअरबॉक्सवर आलाय.

डेट्रॉइटकर

बुडबुडे येत नाहीत म्हणजे हवा नाही, असं नसतं. मास्टर तिरका बसवलेला असेल तर हवा त्याच्या वरच्या टोकाला अडकून राहते. पेडल मारून ऑइल खाली ढकलताना ती तिथंच बसते. इकडे फोर्ड रेंजरसारख्या जुन्या पिकअपमध्ये मास्टर बराच कलता असतो आणि स्लेव्ह थेट बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या घुमटाच्या, आत, त्यामुळे तिथे लोक या एअरपायी मेटाकुटीला येतात. तुमचा स्लेव्ह बाहेर आहे, नशीबवान आहात.

उलटी एअर काढा. मोठी इंजेक्शनची सिरिंज, त्याला पारदर्शक नळी, नळी स्लेव्हवरच्या एअर काढायच्या निपलला. नळीत हवा राहू देऊ नका. निपल थोडं सैल करून ताजं ऑइल खालून वर, सावकाश ढकला. हवेला वरच जायचं असतं, तिला वाट द्या. वरच्या डब्यातलं ऑइल आधी कमी करून ठेवा, नाहीतर उतू जाऊन रंगावर येईल.

सिरिंज नसेल तर निपल बंद ठेवून, फोर्कपासून मोकळा केलेला स्लेव्हचा रॉड हाताने हळूहळू आत दाबा. वर कोणीतरी डब्यात बघू दे, बुडबुडे येतील. स्लेव्ह काढलेला असताना पेडलला मात्र पाय लागता कामा नये, पिस्टन टपकन बाहेर पडेल.

कोकणी ड्रायव्हर

आणि निपल वरच्या बाजूला आहे ना? स्लेव्ह उलटा बसवून निपल खाली, पाइप वर, अशी गाडी बघितली आहे. तिची एअर जन्मात निघाली नसती.

होजवाला

होज विसरू नका. इतक्या वर्षांचं रबर आतून मऊ पडतं आणि दाबलं की फुगतं, सगळा जोर तिथेच जातो. पेडल दाबताना हातात धरून बघा. शंका असेल तर स्लेव्हजवळ पकडीने होज चिमटा. पेडल दगडासारखं झालं तर वरचं सगळं ठीक, दोष खाली.

दहाचा पाना

चिमटायचंच असेल तर फडकं गुंडाळून, आणि ज्या होजला बदलायचंच ठरवलंय तिलाच. जुनी होज पकडीत धरली की आतला थर तुटतो, मग ती एकाच दिशेने ऑइल सोडते आणि क्लच परत यायला वेळ लावतो. नवं दुखणं विकत घेतल्यासारखं. माझं मत, एवढी जुनी होज तपासत बसू नये, बदलावी. जोडीला तांब्याचे वॉशर नवे.

ओतूरचा टोमॅटो

निपल वरच आहे. होज बदलली. सिरिंजने उलटी एअर काढली, डेट्रॉइटकर, तुम्ही म्हणालात तसा एक मोठा बुडबुडा वर आला. पेडल आता बऱ्यापैकी कडक. रिव्हर्सला आवाज अजून आहे!

मास्तरांचं ‘मोजा’ डोक्यात होतं. पिंपरी पेंढारच्या पाहुण्यांकडे हेच मॉडेल आहे, गिअर अलगद पडतात. शाळेतली पट्टी घेऊन दोन्ही गाड्यांच्या स्लेव्हचा रॉड मोजला. त्यांचा १५ मिलिमीटर येतो. माझा ११.

आयटीआय मास्तर

शाब्बास! हा आकडा पहिल्यापासून हवा होता. आता गणित बघा.

तुमचा मास्टर पाच सुताचा. या मॉडेलला स्लेव्ह बहुतेक सहा सुताचा असतो, बॉडीवर बघून घ्या. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या पटीत जातं, म्हणजे सहाचा वर्ग ३६ भागिले पाचचा वर्ग २५, १.४४. खाली १ मिलिमीटर हवा असेल तर वर मास्टरचा पिस्टन १.४४ मिलिमीटर सरकला पाहिजे. तुमचे खाली ४ मिलिमीटर कमी आहेत, म्हणजे वर साधारण पावणेसहा मिलिमीटर हरवलेत. गळती नाही, हवा निघाली, होज नवी. ऑइल तर दाबलं जात नाही. मग हरवलं ते ऑइलच्या आधी, पेडल आणि पिस्टनच्या मध्ये.

पेडलची पिन, बुश, रॉडचा चिमटा, पेडलचा ब्रॅकेट, सगळं बघा. आणि मास्टर ज्या पत्र्यावर बसतो तो पत्रा.

होजवाला

पेडलच्या रॉडला आटे असतील ना? चार फेरे बाहेर काढा, हरवलेले मिलिमीटर परत आले. काम फत्ते.

आयटीआय मास्तर

नाही. पेडल मोकळं असताना रॉड आणि पिस्टनच्या मध्ये किंचित फट राहायलाच हवी. पिस्टन पार मागे आला तरच डब्याकडे जाणारं बारीक भोक उघडतं. रॉड ताणून बसवला की ते भोक झाकलेलं राहतं. ऑइल तापून फुगतं, त्याला डब्यात परतायला वाट नसते, मग प्रेशर प्लेट थोडी दाबलेलीच राहते आणि भरल्या गाडीला चढावर क्लच स्लिप होऊन प्लेट जळते. आज खर्रर्र गेलं म्हणून खुश व्हाल आणि महिन्याभरात सेट टाकायला लागेल. आधी खेळ घालवायचा, ऍडजस्टमेंट शेवटी.

ओतूरचा टोमॅटो

सापडलं.

मोबाइल व्हिडिओवर लावून, टॉर्च चालू करून डॅशखाली वर तोंड करून ठेवला आणि हाताने पेडल दाबलं. मग इंजिनच्या बाजूने मास्टरवर एक व्हिडिओ. दुसऱ्यात जे दिसलं ते असं: पेडल दाबलं की पिस्टन सरकायच्या आधी अख्खा मास्टरच पुढे येतो, डब्यासकट, मान डोलावल्यासारखा. सोडलं की मागे. वरच्या बोल्टजवळ पत्र्याला चीर आहे, रंगाखाली लपलेली. रंग खरवडला तेव्हा बोल्टच्या भोकापासून खाली आडवी गेलेली दिसली. पेडल दाबलं की तिचं तोंड उघडतं.

आतल्या बाजूला पिन काढली. पिनेला एका बाजूने खाच पडलीय आणि पेडलच्या पात्याचं भोक अंड्याच्या आकाराचं झालंय. पत्र्याचं डोलणं साधारण ३ मिलिमीटर, पिनेचा खेळ अडीचच्या आसपास. मास्तर, तुमचे पावणेसहा जवळपास जुळले! स्लेव्हवर सहा सुतच कोरलेलं आहे.

दहाचा पाना

वा! याला म्हणतात शोध. पत्रा का फाटतो हे पण सांगतो, बऱ्याच जणांना पटत नाही. पेडल हा तरफ आहे. साधारण सहाला एक असं प्रमाण धरा. पायाने १५ किलोचा जोर दिला तर रॉडवर ९० किलो जातो, आणि तो सगळा मास्टरच्या दोन बोल्टांवाटे पत्र्यावर. घाटातल्या एका जॅममध्ये किती वेळा दाबतो आपण? त्यात बोल्ट एकदा सैल झाला की पत्रा वाकायला लागतो. नवा कडक सेट टाकला असता तर जोर आणखी वाढला असता आणि चीर लवकर पसरली असती.

वेल्डिंग करायचं असेल तर नुसती चीर भरू नका, शेजारून परत फाटेल. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून ती थांबवा, मग वरून ३ मिलिमीटरची पट्टी, दोन्ही बोल्ट तिच्यातूनच जातील अशी. मास्टर आणि ऑइलचा डबा आधी काढून लांब ठेवा, ब्रेक ऑइल पेट घेतं. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, आतलं कार्पेट आणि पत्र्यामागचा फोम सोलून घ्या, वायरिंग बाजूला बांधा. एक माणूस आत पाण्याची बादली आणि ओलं पोतं घेऊन बसवा. ठिणगी आत पडते आणि बाहेरच्याला कळत नाही.

ओतूरचा टोमॅटो

झालं काम. आळेफाट्याच्या लेथवाल्याने पेडलचं भोक मोठं करून त्यात पितळी बुश ठोकलं, पिन नवी दिली. पत्र्याला पट्टी मारली, वर गंजरोधक रंग. रॉडला थोडी फट ठेवून बसवला. परत एअर काढली, कारण मास्टर काढावाच लागला होता.

स्लेव्हचा रॉड आता पट्टीवर १५ ला टेकतो. रिव्हर्स पडला की नाही हे मागचा दिवा बघून कळतं, आवाजच नाही. काल भरून माळशेज उतरलो, खाली ट्रॅफिकमध्ये पहिल्यात उभा, गाडी जागची हलली नाही. गॅरेजवाल्याला पत्र्याचा व्हिडिओ दाखवला. गप्प बसून दोनदा बघितला, मग म्हणाला मला पाठव.

कोकणी ड्रायव्हर

अभिनंदन! पट्टीच्या बोल्टांना हजारेक किलोमीटर झाले की पाना लावून बघा, नवं काम थोडं बसतं.

चिपळूणची पिकअप

धागा आधाशासारखा वाचला. माझी पण पिकअप, पण पावसाळाभर अंगणात उभी होती. आता चालू केली तर एकही गिअर पडत नाही, इंजिन बंद असताना सगळे पडतात. पेडल कडक, ऑइल भरलेलं, व्हिडिओ काढला, मास्टर हलत नाही. पट्टी लावली, रॉड १५ येतो. मग माझं काय हरवलंय?

आयटीआय मास्तर

तुमचं काही हरवलेलं नाही, चिकटलंय. रॉड पूर्ण येतो म्हणजे हायड्रॉलिक निर्दोष. दमट हवेत गाडी उभी राहिली की प्लेट गंजाने फ्लायव्हीलला धरून बसते. मोकळं मैदान बघा, पुढे भिंत नको, माणूस नको. इंजिन चांगलं तापवून बंद करा, दुसरा गिअर टाका, क्लच पार दाबून त्याच गिअरमध्ये स्टार्टर मारा. गाडी चालायला लागेल, ब्रेकवर पाय तयार ठेवा. क्लच दाबलेलाच ठेवून अॅक्सिलरेटर द्या, सोडा, द्या, सोडा. बऱ्याचदा ‘टक्’ करून सुटते. नाहीच सुटली, तर तुमच्या बाबतीत मात्र गिअरबॉक्स उतरवा. आणि उतरवलाच आहे तर फोर्क ज्या गोळ्यावर टेकतो तो गोळा आणि पायलट बेअरिंग बघून घ्या.

चिपळूणची पिकअप

सुटली! ‘टक्’ नाही, चांगला धाडकन आवाज झाला, शेजारी बाहेर आले. गिअर पडतायत. पहिल्यात उचलताना थोडी थरथरते.

आयटीआय मास्तर

गंज आहे तो, थोडं चालवल्यावर घासून जाईल. चढावर भरून लगेच नेऊ नका. आठवड्याभराने पण थरथर राहिली तर लिहा.